एक खोली की दोन

“एक खोली सांगू की दोन?” डेस्मंड क्रॅबट्रीनं विचारलं, आणि विचारलं तेही मैदानाकडे बघत, जसं काही गोलपाशी चिखल झालाय का एवढंच त्याला हवं होतं. नोरीन ऑर्मरॉड चहाच्या पैशांसाठी पर्समध्ये चाचपडत होती. ती चाचपडतच राहिली. बोटांना किल्ल्या लागल्या, रुमाल लागला, खोकल्याच्या गोळ्यांची पुडी लागली, नाणं काही लागेना. व्हिटबीला जायचं हे मागल्या शनिवारीच बोलण्यात आलं होतं. मे महिन्यात आठवडाभर, समुद्राच्या काठी, तिथल्या एका बाईंकडे उतरायची सोय चांगली आहे, सकाळचा नाश्ता भरपेट देतात, वगैरे. नोरीन ‘बघू’ म्हणाली होती, आणि तिच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे निम्मं हो, हे इतक्या वर्षांत डेसला कळलेलं होतं. पण खोल्या किती, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. खोटं कशाला बोला, आलं होतं. आंघोळ करताना आलं होतं, बटाटे सोलताना आलं होतं, आणि दर वेळी तिनं ते दारात आलेल्या मांजरासारखं हाकलून लावलं होतं. “त्या बाईंना पाच वाजता फोन करायचाय,” डेस म्हणाला. “त्यांना आजच सांगायला हवं. आणि हे बघ नोरीन, मी नुसत्या आठवड्याचं विचारत नाहीये. तेवढं तुला समजलंच असेल.” मग त्यानं नाक शिंकरलं, “मी जागा धरतो,” म्हणाला आणि गर्दीत दिसेनासाही झाला. विचारून मेला चालता झाला.

“दोन?” टपरीवरच्या बाईनं विचारलं, तशी नोरीननं चमकून वर पाहिलं. बाई चहाबद्दल विचारत होती. ती ‘हो, दोन’ म्हणाली, एकात साखर जास्त म्हणाली, आणि दोन्ही हातांत पेले धरून, खाली बघत, चहा सांडू न देता चालू लागली. तिचे पाय तिला कुठे न्यायचं ते जाणत होते. आल्डरशॉ टाउनचं मैदान म्हणजे काही टीव्हीवर दिसतात तसलं मैदान नव्हे. चार बाजूंना कठडा, एका अंगाला पत्र्याची शेड, दोन गोलांच्या मागे उभं राहायच्या दोन पायऱ्या. एक चॅपेलची बाजू, तिथल्या छोट्या चर्चवरून नाव पडलेली, दुसरी कालव्याची. खुर्च्या आहेत, पण त्या डॉक्टरांसाठी आणि गुडघे गेलेल्यांसाठी. बाकीची आरडाओरडा करणारी मंडळी आपला संघ ज्या गोलावर चाल करून जाणार त्या गोलामागे जाऊन उभी राहतात. मध्यंतरात खेळाडूंनी बाजू बदलली की यांनीही बाजू बदलायची. अख्खी वरात कठड्याच्या कडेनं, अरुंद वाटेवरून, हातातल्या पाई-पेल्यांसकट पलीकडे चालत जाते, आणि समोरून पाहुण्यांची वरात इकडे येत असते. मैदानाच्या मधोमध दोन्ही वराती एकमेकींना घासून जातात तेव्हा जे काही बोललं जातं ते चॅपेलच्या दगडांनाही आता पाठ झालं असेल. पहिल्या अर्धात चॅपेलची बाजू, दुसऱ्यात कालव्याची, असा आल्डरशॉचा जुना रिवाज. आज मात्र पाहुण्या मिकलबीच्या कप्तानानं नाणेफेक जिंकली आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन बाजू उलट केल्या. आपली सगळी माणसं कुरकुरत कालव्याकडे गेली. ही एवढी मोठी उलथापालथ नोरीनच्या पाठीमागे झाली, आणि ती दोन पेले सांभाळत चॅपेलच्या बाजूला जाऊन पोचली.

आधी तिला वाटलं, आज काहीतरी वेगळं दिसतंय. मग कळलं की सगळं पिवळं दिसतंय. पिवळे-काळे मफलर, पिवळ्या टोप्या, एका धिप्पाड गृहस्थाच्या गळ्यात पिवळा ढोल. अगं बाई! आपण शत्रूच्या गोटात! आणि समोर गोलात पाठ करून उभा होता तो आपलाच क्रेग. आल्डरशॉचा गोली, एरवी आठवडाभर लोकांच्या घरचे गळके नळ दुरुस्त करणारा. नोव्हेंबरात नोरीनच्या घरचं पाणी तापेना तेव्हा हाच आला होता आणि जिन्याखाली उताणा पडून तासभर शिट्टी वाजवत होता. चेंडू आणायला तो मागे वळला, तर कठड्याला टेकून नोरीन. क्रेगचा चेहरा बघण्यासारखा झाला. “ऑर्मरॉडबाई? तुम्ही इकडे कुठं?” तो म्हणाला. “आमचं काय चुकलं?” “तू खेळाकडे लक्ष दे!” नोरीन ओरडली, आणि तिच्या शेजारची ठेंगणी, गुटगुटीत बाई तिच्याकडे वळली. कानात पिवळ्या मधमाश्या, मिकलबीचं निशाण, लोंबत होत्या. “हे काय, राणी, त्यांचा गोली तुला नावानं ओळखतो?” “माझ्या बॉयलरला ओळखतो,” नोरीन म्हणाली. ती बाई इतकी मोठ्यानं हसली की ढोलवाल्याचा ठेका चुकला. तिचं नाव बेव्हर्ली. मिकलबीत तिचं केस कापायचं दुकान होतं, नवरा बसमध्ये डबे विसरून आला होता आणि आता डबे आणायला गेला होता, त्याचा अजून पत्ता नव्हता. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. नोरीननं दुसरा पेला तिच्या हातात दिला. नाहीतरी तो थंड होणार होता.

परत जाता आलं असतं. नाही कसं? शेडच्या मागून वळसा घालून पाच मिनिटांत ती कालव्याच्या बाजूला, आपल्या माणसांत, आपल्या जागेवर पोचली असती. पण तिचे पाय हलेनात, आणि खरं सांगायचं तर तिला ते हलायला नकोच होते. तिकडे जायचं म्हणजे डेसच्या शेजारी उभं राहायचं, आणि त्यानं विचारलेलं दोघांच्या मध्ये कठड्यावर बसून राहणार. इथे तिला कोणी विचारत नव्हतं. ह्या परक्या माणसांच्या गर्दीत ती मोकळी होती, ती पिवळी माणसं ओरडत होती तेही तिच्यावर नव्हे. ‘हा चहा संपेपर्यंत’ असं तिनं स्वतःला बजावलं, आणि मग चहा फार हळूहळू प्यायला सुरुवात केली. तिला रॉयची आठवण आली. रॉय म्हणजे तिचा नवरा, बारा महिने तेरा काळ आगीच्या बंबावर काम केलेला माणूस, आणि गेला तो घरच्या भाजीच्या वाफ्यात, एका रविवारी दुपारी, हातात उपटलेला कांदा. शुक्रवार संध्याकाळ म्हटली की अजून तिच्या डोळ्यांपुढे तो पगाराचं पाकीट घेऊन उभा राहतो. पाकीट चिकटवलेलंच असायचं. त्या गावात पुरुषाची पारख त्यावरूनच व्हायची. वाटेत पाकीट फोडून पिणारे वेगळे आणि बंद पाकीट आणून बायकोच्या पुढ्यात ठेवणारे वेगळे. रॉय ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा, मीठदाणीला टेकवून, आणि हात मागे बांधून उभा राहायचा. मग नोरीननं ते फोडायचं, भाडं बाजूला, कोळसा बाजूला, लेक गिलियनच्या बुटांचे बाजूला, आणि उरलेल्यातून त्याला खर्चायला द्यायचे. “एवढेच?” तो म्हणायचा. “एवढेच,” ती म्हणायची. पुढं पगार बँकेत जमा व्हायला लागला तेव्हा त्याला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शुक्रवारी तो रिकाम्या हातांनी टेबलापाशी येऊन उगाच मीठदाणी सरकवायचा.

तो गेल्यावर त्याचं पेन्शन तिला सुरू झालं, ते महिन्याच्या अखेरीस न चुकता येतं. नोरीन त्याला पेन्शन म्हणतच नाही. “आला बाई रॉयचा पगार,” असं ती मोठ्यानं म्हणते, रिकाम्या स्वयंपाकघरात, आणि मग भाडं नसलं तरी, कोळसा नसला तरी, मनातल्या मनात बाजूला काढत बसते. ते काही फार मोठं नाही. पण त्यामुळे तिला लेकीपुढे हात पसरावा लागत नाही, हिवाळ्यात घर गरम ठेवता येतं, शनिवारी चहा पाजता येतो. आणि हे पेन्शन दुसऱ्या घराचा उंबरा ओलांडला की बंद, असा त्या जुन्या योजनेचा नियम. लग्न केलं तरी बंद, नुसतं एकत्र राहिलं तरी बंद. गिलियननं हे तिला फोनवर नीट समजावून सांगितलं होतं, आवाज गोड ठेवून, बँकेतल्या मुली सांगतात तसं. “मी तुला अडवत नाहीये हं, आई. फक्त तुला माहीत असावं.” “मला कोण विचारतंय?” नोरीन म्हणाली होती. तेव्हा खरंच कोणी विचारलं नव्हतं. पैशाची तिला भीती होतीच. सगळं आयुष्य दोन दमड्यांकडे बघत काढलेली बाई ती, तिला भीती नाही वाटणार तर कोणाला? डेसला बसवाल्यांचं पेन्शन होतं, स्वतःचं छोटं घर होतं, दोघांचं भागलं असतं. पण पैशापेक्षा वाईट एक गोष्ट होती आणि ती गिलियनला सांगण्यासारखी नव्हती. बाईनं नवऱ्याला म्हणायचं, उद्यापासून पाकीट आणू नकोस. अजून बिचारा दर महिन्याला येतोय, दार वाजवत नाही, जेवायला मागत नाही, पाकीट ठेवतो आणि जातो. त्याला दारातून परत पाठवायचं? तिनं पेला कठड्यावर ठेवला.

“तुझा नवरा फुटबॉलवाला?” बेव्हर्लीनं विचारलं, अगदी त्याच क्षणाला, आणि नोरीन दचकली. “छे!” ती म्हणाली. “त्याला फुटबॉलचा तिटकारा. बावीस बाप्ये एका चेंडूमागे, प्रत्येकाला एकेक घेऊन द्या म्हणावं, मिटलं, असं म्हणायचा.” “मग तू कशी लागलीस नादाला?” हे नोरीनलाही कधी धड सांगता आलं नव्हतं. रॉयला जाऊन वर्ष होत आलं होतं. एका शनिवारी ती पाव आणायला बाहेर पडली, आणि रस्त्यानं माणसं एकाच दिशेनं चालली होती, हसत, खिदळत, मफलर उडवत. पाव मागे राहिला. किती दिवसांत ती कोणाच्या मागोमाग कुठे गेली नव्हती. आत येऊन ती गोलामागच्या गर्दीत अंग चोरून उभी राहिली, आणि कठड्याला टेकलेल्या एका लांब माणसानं, तिच्याकडे न बघता, आपलं कोपर आत ओढून घेतलं. तेवढ्या जागेत ती उभी राहिली. बस्स, एवढंच झालं. पुढल्या शनिवारी तीच जागा मोकळी होती. घरातल्या प्रत्येक वस्तूवर रॉयचा हात होता, खुंटीवर रॉयचा कोट होता, रेडिओही त्यानं लावलेल्या जागीच होता. आल्डरशॉत ही एवढी एकच जागा अशी होती की जिथे रॉय कधी आला नव्हता, आणि तिथे गेलं की तिला भूक लागायची. खिम्याची गरम पाई, वर सॉस, बोटांवर ओघळलेला रस्सा. घरी दोन घास न जाणारी बाई तिथे बोटं चाटून खायची, आणि तिला लाज वाटायची ती घरी गेल्यावर.

डेस फार बोलणारा नव्हे. जन्मभर बस चालवलेली, बोलताना समोर बघायची सवय अंगात मुरलेली. त्यामुळे इतकी वर्षं नोरीननं त्याचा डावा कानच पाहिला होता. तो कान तिला तोंडपाठ होता. थंडीत तो आधी कडेनं लाल होतो. पंचानं चूक केली की पाळीही लाल होते. डेस हसला तर कान किंचित मागे सरकतो, बाकी आवाज नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. आईचं करता करता वय गेलं, आणि आई गेल्यावर बसचे पहिल्या फेरीचे प्रवासी होतेच. एकदा तिनं विचारलं, “तुला कधी वाटलं नाही रे, कोणीतरी असावं?” तर तो बराच वेळ मैदानाकडे बघत राहिला, कॉर्नर झाली, फ्री किक झाली, आणि मग म्हणाला, “वाटलं की. पण चालकाशी बोलू नका अशी पाटी असते ना त्याच्या पाठीमागे.” ती हसून हसून बेजार झाली. कान मागे सरकला. अशा माणसानं आज खोल्या विचारल्या होत्या. त्यानं हे किती दिवस घोकलं असेल! सकाळी दाढी करताना आरशाला विचारलं असेल, एक की दोन. ते आठवून तिला आत्ता, शत्रूच्या गोटात, हसू फुटलं, आणि लगेच मागून रडू यायला लागलं, तेव्हा तिनं पर्समधून रुमाल काढला.

रॉय असता तर काय म्हणाला असता? विधवा बायकांनी हा खेळ मुळी खेळूच नये, कारण मेलेली माणसं आपल्याला हवं तेच बोलतात. तरी ती खेळली. तिला मोरकमची सहल आठवली, बंबवाल्यांच्या सगळ्या बिऱ्हाडांची. गिलियन तेव्हा लहान. आभाळ गळत होतं, ओहोटीनं समुद्र कुठल्या कुठे गेलेला, आणि सगळ्या बाया बसमध्ये काचा बंद करून अंड्याची सँडविचेस खात समुद्राच्या जागेकडे बघत बसलेल्या. रॉयनं आठवड्याचा सगळा खर्ची पैसा किनाऱ्यावरच्या गाढवांवर घालवला. आपल्या पोरीला एक फेरी देऊन थांबावं की नाही! नाही. सगळ्या बसमधली पोरं गाढवांवर, स्वतः भिजत पुढे लगाम धरून, कोण कुठली पोरं, नाव ना गाव. मग बसमध्ये चढून, केसांतून पाणी ठिबकत, हात पुढे केला. “नोरा, थोडे दे ना. शेवटची फेरी राहिलीय.” तिनं पर्स मांडीखाली घेतली आणि घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्या दिवशी वाचवलेल्या पैशांचं पुढे काय घेतलं ते तिला आत्ता कितीही आठवलं तरी आठवेना. गाढवं मात्र आठवत होती. एकाच्या कपाळावर ‘डेझी’ लिहिलं होतं, ते सारखं थांबायचं आणि रॉय त्याच्या कानात काहीतरी सांगायचा, की ते चालायचं. काय सांगायचास रे त्याला? हे विचारायचं राहूनच गेलं.

मिकलबीची मंडळी एकदम कण्हली. चेंडू क्रेगच्या हातांत होता. त्यानं तो लांब फेकला, आणि सगळा खेळ नोरीनपासून दूर पळाला, कालव्याकडे, आपल्या माणसांकडे. तिनं लांबचा चष्मा नाकावर सारखा केला. इथून कालव्याची बाजू बघायची तिची ही पहिलीच वेळ होती. माणसं केवढी केवढीशी दिसत होती! ती सगळी मिळून एक गर्दी होती, आणि त्या गर्दीत तिची ओळखीची जागा. तिथे मोहरीच्या रंगाचं जाकीट, डेसचं. त्याच्या शेजारी कठड्यावर मोकळी जागा. आज माणसं जास्त होती, मागे दाटी झाली होती, पण त्यानं हात लांब पसरून ठेवला होता, सबंध हात, आणि कोणी पुढे सरकलं की तो हात हलत नव्हता. इतका वेळ? नोरीनच्या काळजात काहीतरी लकाकलं. तेवढ्यात आल्डरशॉचा डावीकडचा पोरगा वाऱ्यासारखा घुसला, चेंडू मध्ये आला, कोणीतरी डोकं लावलं, आणि जाळं हललं. गोल! पलीकडे सगळी बाजू उसळली. डेसनं कठड्यावर दोनदा थाप मारली, गोल झाला की तो नेहमी मारतो तशी, आणि नेहमीसारखाच तो हात वर करून शेजारी वळला. शेजारी कोणी नव्हतं. तो तसाच वळलेला राहिला. सगळे उड्या मारत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि मोहरीच्या जाकिटातला एक लांब माणूस मोकळ्या जागेकडे तोंड करून, दोन्ही हात वर, उभा होता. ते हात खाली कसे आणायचे हे जणू त्याला कळत नव्हतं.

“डेस!” नोरीन ओरडली. “डेस! मी इकडे आहे! गोल! गोऽऽल!” ती उड्या मारत होती. गुडघ्यांचं ऑपरेशन कधी करायचं म्हणून डॉक्टर तिच्या मागे लागले होते, आणि ही बया उड्या मारत होती. तिच्याभोवतीच्या सगळ्या पिवळ्या टोप्या तिच्याकडे वळल्या. ढोलवाल्यानं ढोल पोटाशी धरला. “अगं बया!” बेव्हर्ली म्हणाली. “ही तर त्यांचीच निघाली! आणि मी हिचा चहा प्याले!” “साखर बरी होती की नाही?” नोरीननं विचारलं. कोणीतरी मागून म्हणालं, “आजी, घरची वाट चुकलात काय?” आणि कोणीतरी म्हणालं, “राहू दे रे, त्यांना आणखी एक गोल बघायचाय, चष्मा लांबचा आहे.” सगळे हसले, गोल खाल्लेली माणसं, तरी हसली. नोरीनही हसत होती आणि डोळे पुसत होती. तिला एकाएकी फार हलकं वाटलं. रॉयला नाकारायचं, त्याला दारातून परत पाठवायचं, असं ती इतका वेळ म्हणत होती. पण खरं काय होतं? बिचाऱ्याला मेल्यावरही तिनं कामावरून सोडलं नव्हतं. जन्मभर आगीत शिरला, धुरानं छाती भरली, आणि गेल्यावरसुद्धा दर महिन्याला बोलावते आहे, आण पाकीट, ठेव टेबलावर. अकरा वर्षं! त्याच्याबरोबरचे बाकीचे बंबवाले केव्हाच निवृत्त झाले, बागेत खुर्च्या टाकून बसले. ह्या एकट्याला सुट्टी नाही. “झालं हं, रॉय,” ती म्हणाली, अगदी हळू, चॅपेलच्या बाजूला, पिवळ्या माणसांत. “पुष्कळ केलंस. बस आता.” आणि तो ‘एवढंच?’ म्हणाला नाही. त्या जागेवर तो कधी येतच नव्हता.

पंचानं मध्यंतराची शिट्टी वाजवली. “चला, आमची वरात निघाली,” बेव्हर्ली म्हणाली. “तू इथेच थांब, राणी. तुझी माणसं इकडेच येतील आता.” खरंच होतं. दुसऱ्या अर्धात आल्डरशॉ चॅपेलच्या गोलावर चाल करणार, म्हणजे आपली सगळी मंडळी आपोआप इकडे येणार. नोरीननं नुसतं कठड्याला टेकून उभं राहायचं. डेस येईल, तिच्या शेजारी उभा राहील, मैदानाकडे बघेल. मग तीही मैदानाकडे बघेल, आणि पाच वाजता तो फोन करताना विचारेल, किती सांगू? तेव्हा ‘तुला बरं वाटेल ते’ म्हटलं की झालं. इतकी वर्षं त्यांचं असंच तर चाललं होतं. सगळं आपोआप. ती क्षणभर टेकूनही उभी राहिली. मग तिनं पर्स खांद्याला लावली आणि पिवळ्या वरातीत घुसली.

वाट अरुंद होती, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला शेडची भिंत. ढोल तिच्या पाठीशी वाजत होता. समोरून आल्डरशॉ येत होतं, निळं-पांढरं, एका गोलानं पुढे म्हणून छाती काढून. “काय रे मिकलबी, मधमाश्यांना डंख नाही वाटतं?” “तुमच्या गोलीला आधी नळ दुरुस्त करायला सांगा, मग बोला!” आणि मग निळ्या माणसांना पिवळ्यांत नोरीन दिसली. “अरे, ही आपली नोरीन! नोरीन, तू उलटी कुठे चाललीस?” “बाजू बदलली काय गं?” ती टाचा उंचावून बघत होती. मोहरीचं जाकीट दिसलं, मग ते जवळ आलं, आणि बरोबर मैदानाच्या मध्यावर, जिथे वाट सगळ्यात अरुंद, तिथे ती आणि डेस समोरासमोर आले. दोन्ही वराती थांबल्या. थांबावंच लागलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, अरे, ह्याला उजवा कानही आहे! डोळे फिकट, एक भुवई थोडी वर, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. इतक्या वर्षांत ह्याचा चेहरा असा समोरून तिनं कधी बघितलाच नव्हता.

“मला वाटलं, तू घरी गेलीस,” डेस म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

“चुकून तिकडे गेले. तुझा चहा एका बाईनं प्याला.”

“बरं.”

“मी पिऊ दिला.”

“बरं.” तो तिच्याकडे बघत होता. समोर बघायची सवयच त्याची, आणि आज समोर ती होती.

“डेस, रॉयचं पेन्शन बंद होईल,” ती म्हणाली. तिला हे हळू सांगायचं होतं, पण ढोल वाजत होता, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं, आणि अर्ध्या आल्डरशॉनं ते ऐकलं. “मग मी काटकसर करीन. तुलाही करावी लागेल. मी फार कंजूस आहे, तुला माहीत नाही.”

“माहितीये,” डेस म्हणाला. “तू मोजून चिप्स देतेस.”

“पुढे सरका की हो!” मागून कोणीतरी ओरडलं. “लग्नं नंतर लावा!”

“एक,” नोरीन म्हणाली.

“एक काय?”

“अरे माझ्या कर्मा! खोली! एक खोली सांग!”

दोन्ही बाजूंनी असा काही गलका उठला की खेळाडूंच्या खोलीतून कोणीतरी डोकं बाहेर काढून बघितलं. ढोलवाला पेटला. बेव्हर्ली भर गर्दीत रडायलाच लागली, आणि तिचा नवरा, तो डबे घेऊन आत्ता पोचला होता, काय झालं, काय झालं म्हणून विचारत होता. डेसचे दोन्ही कान टोकापासून पाळीपर्यंत लाल झाले. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर येऊन उभं राहिलेलं तिला दिसलं. पण शेवटी जे आलं ते एवढंच.

“पण मग तू इकडे कशाला आलीस? तिथेच थांबायचं होतंस. मी येतच होतो की.”

“तू येणारच होतास,” नोरीन म्हणाली. “पण मला यायचं होतं.”

त्यावर त्यानं मान हलवली, आणि मैदानाकडे न बघता तिचा हात धरला. लोक त्यांना घासून, कोपरं मारून, पाठीवर थापा देऊन दोन्हीकडे पांगले. पंचानं शिट्टी वाजवली, दुसरा अर्ध सुरू झाला. दोघं वाटेच्या मधोमध उभीच होती, आणि आता कुठल्या बाजूला जायचं हे दोघांपैकी एकालाही आठवत नव्हतं.